पिवळ्या पट्टीच्या मागोमाग

साल एकोणीसशे शहाऐंशी. त्या वर्षी थंडी लवकर आली आणि पाहुण्यासारखी चार दिवस राहून गेली नाही, घरचीच असल्यासारखी पाय पसरून बसली. नळाचं पाणी हाताला चावायचं. सकाळी नऊ वाजले तरी धुक्यानं समोरच्या घराचं दार दिसायचं नाही. त्याच थंडीत, वर्षअखेरच्या सुट्टीच्या पहिल्या सकाळी, धाकटीनं आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या दिरांचं ऐकलं नाही.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी आठ वर्षांची झाली, केसांत दोनचार पांढरे डोकावायला लागले, तरी ती धाकटीच. इस्पितळात मात्र तिचा दरारा होता. हाडांच्या विभागात प्लास्टर घालायचं आणि काढायचं काम तिच्याकडे होतं. लांबट खोली, मधोमध उंच टेबल, कोमट पाण्याच्या बादल्या, पांढऱ्या भुकटीनं भरलेल्या पट्ट्यांची भेंडोळी, आणि कोपऱ्यात प्लास्टर कापायची ती विजेची करवत. करवतीचा आवाज ऐकला की भलेभले पैलवान डोळे मिटून घ्यायचे. मग धाकटी ती फिरती करवत आधी स्वतःच्या तळहाताला लावून दाखवायची. "बघा, कातडीला काही करत नाही. प्लास्टर सोडून हिला दुसरं काही कापताच येत नाही, माझ्यासारखीच आहे ती." माणूस हसला की काम अर्धं झालं.

वर्षअखेरच्या सुट्ट्या लागायच्या आधी त्या खोलीत दोन बादल्या जास्त भरून ठेवायचा रिवाज होता. त्या आठवड्याला इस्पितळात 'हंगाम' म्हणायचे. टपावर सामान लादून, गाड्यांत माणसं कोंबून सगळं गाव कुठे ना कुठे निघायचं, आणि त्यातली काही धाकटीच्या टेबलावर येऊन पोचायची. गुडघे, मनगटं, गळ्याखालची हाडं. ओली पट्टी गुंडाळता गुंडाळता ती प्रत्येकाला विचारायची, "कसं झालं हो?" उत्तरं फार वेगळी नसायची. "पुढचा गेला, म्हणून मी गेलो." आणि पुढचा? पुढचा बहुतेक वेळा सुखरूप घरी पोचलेला असायचा.

आता त्यांच्या घरची रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दर वर्षी ह्याच सुट्टीत दोन्ही भावांची कुटुंबं डोंगरापलीकडे नणंदेकडे जायची. साडेतीन-चार तासांचा रस्ता. गाड्या दोन. पुढे थोरल्यांची, मागे धाकट्या भावाची. थोरले मोजणी खात्यात नकाशे काढायचे. तो रस्ता त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर उतरवलेला, त्यामुळे त्याच्यावर आपलीच मालकी आहे असं त्यांना वाटायचं. "डोळे मिटून सांगतो, इथून सातवं वळण डावीकडे." आणि वळण खरोखर डावीकडे निघायचं! घरात पाठीमागे त्यांना 'कप्तान' म्हणायचे. समोर म्हणायची छाती कोणाची नव्हती, सासूबाई सोडून.

बारा वर्षांपूर्वी एकदा धाकटीचा होणारा नवरा, दादाच्या मागे आहोत असं समजून, तशाच एका राखाडी गाडीच्या मागे लागला, आणि कोणा परक्याच्या घराच्या फाटकात शिरून थांबला. त्या घरचा मालक बाहेर येऊन म्हणाला, "कोण हवंय आपल्याला?" ही गोष्ट घरात पुढे बारा वर्षं सांगितली गेली. तेव्हापासून सासूबाईंच्या खोलीतल्या जुन्या पिवळ्या पडद्याची हातभर पट्टी थोरल्यांच्या गाडीला मागून बांधायची रीत पडली. मागच्यानं पिवळं नजरेआड होऊ द्यायचं नाही. पुढच्यानं मागच्याला सोडायचं नाही, दिसेनासा झाला तर थांबायचं. आणि पुढचं वाहन ओलांडताना थोरले खिडकीतून हात काढून खुणावायचे, 'या.' म्हणजे रस्ता मोकळा आहे. "बघायचं काम माझं," थोरले सांगायचे, "तुम्ही फक्त माझ्या मागोमाग या."

बारा वर्षं नवरा असाच मागोमाग गेला. त्या वर्षी मात्र तो स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायला गेला आणि घड्याळासकट खाली आला. उजवा हात मनगटात मोडला. तो टाइपरायटर दुरुस्त करायचा, बोटांवर पोट. प्लास्टर बायकोनंच घातलं. सगळा विभाग बघायला जमला होता. "घट्ट बांधा, बाई," एक कंपाउंडर म्हणाला, "पुन्हा असा सापडायचा नाही." मुलीनं, चिमीनं, त्या प्लास्टरवर निळ्या पेन्सिलीनं गाडी काढली. गाडीत ड्रायव्हर म्हणून आई काढली.

धाकटीला गाडी येत होती. इस्पितळाच्या रुग्णवाहिकेवरचे मामा, सगळ्यांचेच मामा, त्यांनी दोन वर्षांपूर्वी तिला शिकवली होती. ड्यूटी संपल्यावर, मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींच्या मधून. मामा काडीसारखे बारीक, तोंडात कायम लवंग. त्यांचं एक वाक्य होतं, "घाईच्या माणसाला मी कधी घाईनं नेलं नाही, म्हणून पोचवलं." अंतर राखायला त्यांनी तिला एक मंत्र दिला होता. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायचं: एक पेशंट, दोन पेशंट, तीन पेशंट. "तिसरा म्हणायच्या आत तू त्या खांबाशी पोचलीस," मामा म्हणाले, "तर चौथी पेशंट तूच."

"आणि पाऊस असला, धुकं असलं तर?"

"तर सहा. आणि सहापर्यंत मोजण्याइतका रस्ताच दिसत नसला, तर दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकंच हाकायचं. पोरी, डोळ्यांच्या पुढे चाकं पळवायची नाहीत."

घरी ह्या शिक्षणाचं कौतुक बेताचंच झालं होतं. बाजारापर्यंत ठीक आहे, असं थोरले म्हणाले होते. त्या वर्षी इलाज नव्हता म्हणून डोंगरापलीकडची गाडी धाकटीच्या हाती आली. तिला पक्कं ठाऊक होतं, हे एकदा नीट पार पडलं तर पडलं. काही चुकलं तर जन्मभराची बोलणी, आणि किल्ली परत खुंटीवर.

निघायच्या सकाळी आठ वाजता दोन्ही गाड्या दारात उभ्या. टपावर बिछाने, डिकीत ट्रंका. थोरल्यांनी पट्टीची गाठ ओढून बघितली. सासूबाईंची जागा ठरलेली, थोरल्यांच्या शेजारी पुढे. पण त्या काठी टेकत सरळ मागच्या गाडीकडे गेल्या.

"आई, इकडे," थोरले म्हणाले.

"आज मी हिच्या गाडीत."

"का बरं?"

"तुझ्या गाडीत गार वारं लागतं."

"काचा बंद करतो की!"

"मग कोंदट होतं," सासूबाई म्हणाल्या आणि बसल्यासुद्धा. धाकटीनं सीटचा पट्टा त्यांच्या खांद्यावरून घेऊन खटका लावला. "अगं, मला काय बांधून नेतेस? मी काय पळून जातेय?"

"सगळ्यांनाच बांधते मी, आई. सवय आहे."

मोठ्या जाऊबाई पुढच्या गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या, "धाकटे, बरोबर एकला पोचायचंय हं. दंतवैद्यांना एकची वेळ चुकलेली चालत नाही." दंतवैद्य म्हणजे नणंदेचे यजमान. घड्याळात एकचा ठोका आणि त्यांच्या तोंडात पहिला घास, असा त्यांचा लौकिक होता.

नवरा मागे, प्लास्टरचा हात बिछान्यावर ठेवून. शेजारी चिमी. थोरले शेवटचं बजावायला आले. "मी हात केला की यायचं. विचार करत बसायचं नाही. विचार केला की माणूस चुकतो."

"बरं, भावजी," धाकटी म्हणाली. अकरा वर्षं ती हेच म्हणत होती.

गावाबाहेर पडल्या पडल्या रस्ता भरून वाहायला लागला. सगळं जग निघालं होतं. टपावर सायकल बांधलेल्या गाड्या, पडदे लावलेल्या बसगाड्या, एका स्कूटरवर अख्खं कुटुंब. कोणी हॉर्न वाजवत होतं, कोणी काच खाली करून दुसऱ्याला अक्कल शिकवत होतं. धाकटी मनात मोजत होती. तीन पेशंटांइतकी जागा सोडली की कोणीतरी लगेच त्यात घुसायचं. मग ती पुन्हा मागे हटायची.

"अगं, अशानं आपण मागे मागे जात घरीच पोचू," नवरा मागून म्हणाला. प्लास्टरचा हात मांडीवर आणि दोन्ही पाय नसलेल्या ब्रेकवर.

"तुम्ही गाडी चालवू नका, हात दुखेल," धाकटी म्हणाली. सासूबाई खुदकन हसल्या.

तासाभरानं लोखंडी पाइप लादलेला एक ट्रक पुढे आला. थोरले त्याच्या मागे दोन मिनिटं राहिले, मग बाहेर निघाले, आणि खिडकीतून हात आला. 'या.'

धाकटी निघाली. विचार न करता. गाडी ट्रकच्या निम्म्यापर्यंत आली, आणि तेव्हा तिला समोरून येणारी बस दिसली. थोरल्यांची गाडी ट्रकच्या पुढे सुखानं आत शिरली होती. त्यांनी बघितलेला रस्ता मोकळाच होता, पण तो त्यांच्यापुरता. तिच्यापर्यंत येईतो तो दुसऱ्याचा झाला होता. पुढे जायला वेळ नाही, मागे यायला जागा नाही. ट्रकवाल्यानं, देव त्याचं भलं करो, गचकन वेग कमी केला आणि तिला आत येऊ दिलं. बस इतक्या जवळून गेली की आतल्या बाईच्या मांडीवरची टोपली तिला दिसली.

"बघ, जमलं की!" नवरा म्हणाला. त्याला मागून काही दिसलंच नव्हतं.

  धाकटीनं सासूबाईंकडे हळूच पाहिलं. त्यांनी दाराची मूठ धरली होती, बोटं पांढरी पडली होती. 

पुढे नदीकाठचा सखल भाग लागला आणि धुकं आलं. कोणीतरी ओली चादर रस्त्यावरून ओढत यावं तसं ते आलं. आधी शेतं गेली, मग झाडं, मग झाडांच्या बुंध्यांवरचे पांढरे पट्टेच तेवढे उरले. धाकटीनं दिवे लावले.

"मोठे लाव, मोठे," नवरा म्हणाला.

"मोठे लावले की नुसती भिंत दिसते. लहान दिव्यानं रस्ता तरी दिसतो."

पुढे थोरले, त्यांच्या पुढे गवतानं भरलेला एक ट्रक, हत्तीसारखा डुलत चाललेला. पिवळी पट्टी धुक्यात कधी दिसायची, कधी नाही. आणि मग ती बाहेर सरकली, खिडकीतून हात आला, दोनदा हलला. 'या. या.' क्षणात पट्टी नाहीशी झाली.

धाकटी हलली नाही.

"अगं गेला तो! हात केला त्यानं!"

"हात दिसला मला," धाकटी म्हणाली. "रस्ता दिसला नाही."

"दादानं बघितलाय ना रस्ता!"

"त्यांनी त्यांचा बघितला. माझा मला दिसू दे, मग जाते."

गाडीत जी शांतता पसरली ती तिच्या ओळखीची होती. सासरी वेगळं काही बोललं की अशीच शांतता व्हायची. आता ह्याचा निवाडा एक वाजता, नणंदेच्या जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत.

दहाबारा मिनिटांनी गवताचा ट्रक एका वीटभट्टीच्या वाटेला वळला. आता पुढे कोणीच नव्हतं. नुसतं पांढरं.

"चला, सुटलो," नवरा सरसावून बसला. "आता मोकळं आहे. पाय दाब जरा. दादा थांबला असेल आपल्यासाठी. चिडला असेल. पंधरा मिनिटं झाली, माहितेय? गाठ त्याला."

खरं सांगायचं तर धाकटीनं पाय दाबला. कोणीही दाबला असता. डोळ्यांसमोर दंतवैद्यांचं घड्याळ आलं, मोठ्या जाऊबाईंची वर गेलेली भुवई आली, खुंटीला लटकलेली किल्ली आली. काटा चाळिसावरून पन्नासावर गेला, आणि पंचावन्नकडे निघाला.

"धाकटे," सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुला किती दिसतंय गं? मला तर ते कडेचे पांढरे दगड दिसतात, तेही दोनच."

"मलाही दोनच, आई."

"आणि गाडी थांबायला किती दगड लागतात?"

सासूबाईंनी जन्मात गाडीचं चाक हाती धरलं नव्हतं. प्रश्न साधा होता. धाकटीनं उत्तर मनात काढलं. ह्या वेगानं चार. निदान चार. म्हणजे मधले दोन दगड ती आंधळ्यासारखी चालवत होती.

तिनं पाय उचलला. काटा उतरत उतरत पंचविसावर आला.

"अगं काय चाललंय!" नवरा म्हणाला. "बैलगाडी जाईल आपल्या पुढे!"

"जाऊ दे."

"दादा काय म्हणेल?"

"जे म्हणायचं ते म्हणतील. ऐकायला मी धड असले म्हणजे झालं."

मागून एका गाडीनं हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला आणि शेवटी ती सूं करून पुढे गेली. तिचे लाल दिवे तीन दगडांत विझले. धाकटी काच अर्धी खाली करून बाहेरचा आवाजही ऐकू लागली. थंडीनं कान झोंबत होते. आणि कडेचा एकेक दगड जाताना तिच्या नकळत तोंडातून बाहेर पडलं, "एक पेशंट, दोन पेशंट..."

"हे काय गं?" सासूबाईंनी विचारलं. धाकटीनं मामांचा मंत्र सांगितला. सासूबाईंना तो भलताच आवडला. मग त्याही म्हणू लागल्या, मागून चिमी म्हणू लागली, आणि तिघींचा तो विचित्र पाढा धुक्यातून चालू लागला. शेवटी नवराही नाइलाजानं म्हणाला, "आणि मी? मी तर आधीच पेशंट आहे."

"म्हणून तर तुम्हाला मोजत नाही," धाकटी म्हणाली.

हसू अजून ओठांवरच होतं, तेवढ्यात पुढे पिवळं दिसलं.

ते हलत नव्हतं. ते रस्त्यातच होतं. दोन दगडांवर पिवळी पट्टी, तिच्यामागे राखाडी गाडी, निम्मी रस्त्यावर आणि निम्मी कडेच्या मातीत, कारण त्यापलीकडे चर होता. दिवे बंद. आणि पट्टीच्या पुढे, गाडीच्या मागे, रस्त्यात उभे थोरले. हात वर करून.

धाकटीनं ब्रेक दाबला. मामांनी शिकवल्यासारखा, लाथ मारून नव्हे, दाबत, दाबत, तळापर्यंत. गाडी कुरकुरली, थोडी सरकली आणि थांबली. तिच्या गाडीचं नाक आणि थोरल्यांचे गुडघे ह्यांत एक हात अंतर उरलं होतं. हातभर. त्या पट्टीएवढं.

गुडघे. धाकटीला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. तिच्या टेबलावर येणारे गुडघे.

थोरल्यांचा हात अजून वरच होता. मग त्यांनी तो खाली घेतला आणि खिडकीशी आले. चेहरा उतरला होता, पण आवाज कप्तानाचाच. "कुठे होतात इतका वेळ? हात केलेला दिसला नाही? मी वीस मिनिटं—"

"भावजी, आधी गाडीत बसा," धाकटी म्हणाली. तो आवाज तिचा घरचा नव्हता, प्लास्टरच्या खोलीतला होता. "दिवे लावा आणि गाडी पुढे काढा. इथे बोलायचं नाही. आत्ता."

अकरा वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. ते वळले आणि गाडीत जाऊन बसले. धाकटीनं एक हात हॉर्नवर ठेवला, मागचे दिवे दिसावेत म्हणून पायानं ब्रेक दाबत सोडत राहिली. पुढची गाडी एकदाची हलली. ती तिच्यामागे, पण अंतर राखून. पाव मैलावर पेट्रोल पंप होता. दोन्ही गाड्या पंपाच्या अंगणात वळल्या न वळल्या तोच मागून एक बस आली. टपावर ट्रंका, आत माणसं, आणि वेग असा की धुकं तिच्यामागे भोवऱ्यासारखं फिरलं. नुकत्याच दोन्ही गाड्या उभ्या होत्या त्याच रस्त्यानं ती आली, आणि तिनं ना दिवा कमी केला ना वेग. आवाज विरेपर्यंत कोणी दार उघडलं नाही.

मग मोठ्या जाऊबाई उतरल्या आणि रडायलाच लागल्या. "मी सांगत होते हो, पुढे पंप आहे, तिथे थांबू. ऐकतील तर शपथ! म्हणाले, मागच्याला सोडायचं नाही, नियम आहे."

"नियम आहेच," थोरले म्हणाले. "मी थांबलो तो तुमच्यासाठीच ना? दिसेनासे झालात म्हणून. काळजी वाटली म्हणून." त्यांनी धाकटीच्या गाडीकडे पाहिलं. "तू आलीस तशी जरा जोरात आली असतीस तर—" एवढं बोलून ते थांबले. वाक्य कुठे चाललंय हे त्यांना स्वतःलाच दिसलं.

नवरा खाली बघत होता. पंचावन्नचा काटा त्यालाही मागून दिसला होता.

सासूबाई काठी टेकत पुढच्या गाडीच्या मागे गेल्या. पट्टीची गाठ सोडवू लागल्या. गार बोटांना ती सुटेना. त्या पाठमोऱ्याच बोलल्या.

"मी आज मागच्या गाडीत बसले ते काही वाऱ्याला भिऊन नाही. दर साली तुझ्या शेजारी बसून मला तुझा हात दिसायचा. मागच्यांचं काय होतं ते दिसायचं नाही. म्हटलं, आई मागे आहे म्हटल्यावर तरी हा दमानं घेईल. तू त्या पाइपांच्या ट्रकपाशी हात केलास, बाळा. समोरून बस होती."

"बस? मी गेलो तेव्हा रस्ता मोकळा होता."

"तू गेलास तेव्हा."

थोरल्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिनं होकाराची मान हलवली. नवऱ्यानं मान वर केली. "कुठली बस?" तो म्हणाला. 

पंपावरचा माणूस गरम पाण्याची किटली घेऊन काचा धुवायला आला होता, तोही थबकला. धाकटीनं पर्समधून प्लास्टर कापायची आखूड कात्री काढली. ती तिच्या पर्समध्ये कायम असायची, घरचे त्यावरून चेष्टा करायचे. "आई, सरा जरा." आणि तिनं बारा वर्षांची गाठ कापली.

पट्टी हातात घेऊन सासूबाईंनी दोन क्षण विचार केला, मग धाकटीच्या गाडीची आतून धुरकटलेली काच त्या पट्टीनंच पुसून काढली. "हं. आता दिसतंय. पडद्याचं कापड काचेलाच बरं." मग दोन्ही मुलांकडे वळून म्हणाल्या, "ह्यापुढे ज्यानं त्यानं आपापल्या डोळ्यांनी यायचं. इथे पंपावर भेटायचं. जो आधी येईल त्यानं पाणी प्यावं आणि गप बसावं."

 थोरले म्हणजे नकाशे काढणारा माणूस; इतकी वर्षं रस्ता जागचा हलत नाही अशा समजुतीत राहिलेला. पण धुकं निवळेपर्यंत, जवळजवळ तासभर, ते पंपाच्या बाकावर बसून राहिले, आणि निघताना धाकटीला म्हणाले, "तू हो पुढे." धाकटी म्हणाली, "पुढे-मागे नको, भावजी. मी निघते. तुम्ही या."

नणंदेकडे पोचायला पावणेतीन वाजले. दंतवैद्य एक वाजता जेवून झोपले होते. त्यांचं घोरणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. त्या दिवशी तो आवाज सगळ्यांना फार गोड वाटला.

त्यानंतर त्या घरात काय काय झालं ते सांगून टाकते.

सासूबाई आणखी चार हिवाळे पाहून गेल्या. चारही वेळा त्या धाकटीच्या शेजारी बसल्या, पट्टा स्वतः लावून. शेवटच्या आजारपणात इस्पितळात नेताना मामा रुग्णवाहिका चालवत होते. तेव्हा त्या डोळे मिटूनच पुटपुटल्या, "मामा, सहा पेशंट हो." मामा म्हणाले, "सहाच, आई."

मामा निवृत्त झाले. इस्पितळानं त्यांना शाल-बिल दिली, भाषणं झाली. त्यांनी त्यानंतर कधी गाडी चालवली नाही, सायकल घेतली. म्हणाले, आता माझी कोणी वाट बघत नाही, सावकाश जातो. जसे काही आधी घाईनं जायचे!

नवऱ्याचा हात जानेवारीच्या अखेरीस प्लास्टरमधून सुटला. निळ्या गाडीचा तुकडा चिमीनं जपून ठेवला. टाइपरायटर हळूहळू संपले, मग तो घड्याळं दुरुस्त करू लागला, स्टुलावर न चढता. ऊन असलं की गाडी तो चालवायचा. धुकं पडलं की काही न बोलता कडेला थांबायचा, उतरायचा, आणि गाडीला वळसा घालून धाकटीच्या दाराशी येऊन उभा राहायचा.

मोठ्या जाऊबाईंनी पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकायचा हट्ट धरला. शिकल्या नाहीत, पण त्या निमित्तानं नवऱ्याला रोज दोन गोष्टी सांगायची त्यांना सवय लागली, ती गेली नाही.

चिमी आता स्वतः डोंगरापलीकडेच नोकरीला असते. निघाली की फोन करते, पोचली की करते. मधे, गाडी चालवताना केला तर धाकटी उचलत नाही.

पिवळी पट्टी विटून पांढरी झाली, मग तिची लक्तरं झाली. तरी ती गाडीत काचेखाली असायची, गाडी विकली तेव्हा तिच्याबरोबरच गेली असावी.

आणि थोरले. त्या सकाळबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. चूक झाली असं म्हणाले नाहीत. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच सुट्टीत धाकटी पंपावर आधी पोचली. गाडी आत, दूर लावली, चिमीला गाडीतच बसवलं, आणि पंपाच्या बाकावर बसून पाणी पीत राहिली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पंचवीस झाली. नवरा दर दोन मिनिटांनी फाटकाशी जाऊन येत होता. अठ्ठाविसाव्या मिनिटाला धुक्यातून दोन मंद दिवे आले. राखाडी गाडी इतक्या सावकाश आत वळली की पंपावरच्या माणसाला वाटलं, ढकलत आणताहेत.

थोरले उतरले, हात चोळले, धाकटीच्या शेजारी बाकावर बसले.

"उशीर झाला," ते म्हणाले. "धुकं होतं."

"होतं, भावजी," धाकटी म्हणाली, आणि पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.